पालीचं माहेर

आंबेमाळच्या वाडीत रत्नाला विचारल्याशिवाय भाताचं रोप चिखलात जात नाही. तोरण्याच्या पायथ्याचा हा भाग. खाचरं लहान, माणसं मोजकी आणि लावणीची घाई सगळ्यांना एकाच वेळी. म्हणून इथं सावड चालते. आज सगळ्या बायका माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. ऐकायला किती सोपं! चालवायला बसा म्हणजे कळेल. कुणाचं पोर तापानं फणफणतं, कुणाची सासू नेमकी त्याच दिवशी कंबर धरून बसते, आणि एखादी अशी निघते की स्वतःची लावणी उरकली की दुसरीच्या वेळेला तिचं डोकं दुखायला लागतं. हे सगळं रत्ना तोंडी सांभाळते. जिचं मागे राहिलं तिचं आधी, एकट्या बाईचं त्याच्याही आधी, आणि गोड बोलून चुकवणारीचं सगळ्यात शेवटी. वीस वर्षांत तिच्या निवाड्यावर कुणी रुसलं नाही असं नाही, पण रुसलेली बाईसुद्धा दुसऱ्या दिवशी पदर खोचून हजर व्हायची.

ही रत्ना मूळची नेपाळची. हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येक जण ते विसरूनही गेला होता. गाल जरा वर, डोळे जरा बारीक, एवढीच काय ती खूण. बोलणं वेल्ह्याचं, भाकरी वेल्ह्याची, आणि रागावली की शिव्याही अस्सल वेल्ह्याच्याच. आता सरकारनं तालुक्याचं नाव बदलून राजगड केलंय, पण बायका बाजाराला निघाल्या की 'वेल्ह्याला जाते' असंच म्हणतात. माणसाच्या तोंडातलं नाव सरकारला इतक्या लवकर हलवता येत नाही.

तिचा बाप मानबहादूर पानशेतच्या पाण्याकाठी एका बंगल्यावर राखणीला होता. बायको गेल्यावर लहानग्या पोरीला पाठीशी घेऊन तो इतक्या लांब आला. त्याच बंगल्यावर तालुक्यातल्याच पाली गावचा सावळाराम माळीकाम करायचा. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला नेपाळी. दोघं मिळून जी हिंदी बोलायचे ती कुठल्याच मुलखात चालली नसती, पण त्यांचं चालायचं. सावळारामाला दोन मुलगे, लेक नाही. त्यामुळे घरून येताना भाकरीबरोबर त्या पोरीसाठी काही ना काही यायचंच. कधी आवळे, कधी करवंदं, कधी साळूबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शिवलेलं परकर-पोलकं. पोरीचं नाव धनमाया होतं. सावळाराम तिला 'धने' म्हणायचा.

धनमाया मोठी झाली. बंगल्याच्या वाढीव बांधकामाला आंबेमाळचा धनाजी गवंडी म्हणून आला आणि भिंत जितकी लांबवता येईल तितकी त्यानं लांबवली. दोघांचं जमलं. आता राहिली धनाजीची आई, धोंडाबाई. तिनं मुलीला एकदा नीट पाहिलं, हाताला घट्टे आहेत का ते चाचपलं, आणि अट घातली.

"जात न्हाई इचारत. लोक बोलतील, चार दिस बोलून गप बसतील. पर बिनमाहेराची सून म्या घरात घेणार न्हाई. सणाला जायाचं कुठं तिनं? पयलं बाळतपण कुठं? नवऱ्याशी भांडून रुसून बसायचं तर कुठं बसायचं? बाईला माहेर पायजेच."

मानबहादूर खाली मान घालून उभा राहिला. त्याचं गाव डोंगरांपल्याड, तिथं कुठली सून सणाला जाणार? तेव्हा सावळाराम पुढं झाला. म्हणाला, "पाली तिचं माहेर. झालं का समाधान?"

लग्न पालीत झालं. कन्यादानाला मानबहादूर आणि सावळाराम शेजारी शेजारी बसले, पण पाणी सावळाराम-साळूबाईच्या हातून पडलं. धनाजीनं ताटातल्या तांदळात बोटानं नाव लिहिलं, 'रत्ना', आणि आपल्याकडे रीतच असल्यामुळे धनमाया तिथल्या तिथं रत्ना झाली. मानबहादूरनं ते नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं, हसला, आणि बाजूला जाऊन डोळे पुसले. पुढच्याच वर्षी तो आजारी पडून गावी गेला तो परत आला नाही.

सावळारामानं मात्र दिलेला शब्द असा पाळला की सख्ख्या बापांनी त्याच्यापाशी शिकावं. लेकीला सणाला घेऊन जायला माहेरचं माणूस येतं, त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक घरी धाकटा भाऊ येतो किंवा हल्ली नुसता फोन येतो. रत्नाला न्यायला सावळाराम स्वतः यायचा, धुतलेली टोपी घालून. आखितीला यायचा, नागपंचमीला यायचा, दिवाळीला यायचा. लेक अश्विनी झाली ती पालीतच. साळूबाईनं सव्वा महिना शेक-शेगडी केली आणि बाळंतविडा असा केला की धोंडाबाईसुद्धा दोन दिवस काही बोलू शकली नाही.

आणि त्याच भरात एक चूक झाली. मतदारांची नावं नोंदवायला माणूस वाडीत आला होता. सून आली की नाव लावायचं, हा वाडीचा शिरस्ता. जन्म कुठला, विचारल्यावर धनाजी अडखळला. सावळाराम नेमका दिवाळीसाठी रत्नाला न्यायला आला होता. तो म्हणाला, "पालीचा. माझी लेक हाय. लिवून देतो." आणि त्यानं दिलं लिहून, खाली सहीसुद्धा ठोकली. कुणालाही त्यात काही खोटं आहे असं वाटलं नाही. सावळारामाला तर मुळीच नाही. कन्यादान केलं म्हणजे तो बाप, बाप पालीचा म्हणजे लेक पालीची, एवढा सरळ हिशेब होता त्याचा.

तेव्हापासून रत्ना प्रत्येक मतदानाला गेली. ठेवणीतलं लुगडं नेसून जायची. बोटावरची शाई भांडी घासताना पुसू नये म्हणून ते बोट उचलून घासायची, आणि धनाजी तिला हसायचा.

*

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली आणि वाडीची जागा महिलेसाठी राखीव निघाली. रत्नाचं नाव घ्यायला कुणालाच वेळ लागला नाही. "सावड चालवती ती पंचाईत चालवंल," असं बायकाच म्हणाल्या. वाडीचं राजकारण बघणारा हनुमंत, ज्याला एरवी बायकांचं काही पटत नसे, तोही म्हणाला, "वयनी, तुमी नुसतं व्हय म्हना. बाकीचं माझ्यावर."

रत्नानं हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. वरच्या झऱ्याचं पाणी नळानं खाली आणायचं वर्षानुवर्षं नुसतं बोललं जात होतं. आपण गेलो तर ते होईल, असं तिच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. त्या दिवशी तिनं विनाकारण गोडाचा शिरा केला.

अश्विनी पुण्यात वकिलीचं शिक्षण घेत होती. रविवारी घरी आली, शिरा खाल्ला, बातमी ऐकली, आणि वाटी तशीच हातात धरून बसली.

"आई, तुला उभं राहता येणार नाही."

"का गं? म्या कुनाचं काय खाल्लंय?"

"तू भारताची नागरिक नाहीस. इथं राहायला, काम करायला तुला कुणी अडवू शकत नाही. नेपाळच्या माणसांसाठी तसा दोन देशांचा करारच आहे. पण मत द्यायचं, निवडणूक लढवायची, ते फक्त नागरिकाला. आणि लग्न केलं म्हणून कुणी आपोआप नागरिक होत नाही. अर्ज करावा लागतो. आपण तो कधी केलाच नाही."

"मंग इतक्या वेळा मत दिलं ते?"

अश्विनीनं वाटी खाली ठेवली. "ते द्यायला नको होतं."

धनाजी भडकला. "लगीन केलं, पोर झाली, हितल्या चिखलात कंबर मोडली हिची, अजून कसला अर्ज?" हनुमंत संध्याकाळी येऊन बसला. तो हुशार माणूस. त्यानं आवाज खाली आणला. "हे बगा, कागदावर वयनी पालीच्या. कागद पक्का हाय. कोन उकरायला बसलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कागद पक्का आहे, काका," अश्विनी म्हणाली, "पण खोटा आहे."

त्या रात्री रत्ना आतल्या आत घाबरली. मला इथून काढून देतील का, हा पहिला विचार. दुसरा विचार त्याहून वाईट होता. उद्या कुणी तक्रार केली तर त्या कागदावरची सही कुणाची निघेल? आबांची. ती सावळारामाला आबा म्हणायची. ऐंशीच्या घरात आलेल्या म्हाताऱ्याला तिच्यापायी कुणीतरी विचारणार, खोटं का लिहिलंत.

आणि शिवाय एक साधी गोष्ट तिला सोडत नव्हती. सावडीत हात न लावता जेवणाच्या पंगतीला येऊन बसणारी बाई तिनं कधी खपवून घेतली नव्हती. पंगतीतून उठवलं नव्हतं कधी कुणाला, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी चिखलात उतरवलं होतं. आता आपणच आपली पाळी न घेता पंगतीत बसलो होतो, हे कळल्यावर बसून कसं राहायचं? चार दिवस तिनं भांड्यांची आदळआपट केली आणि मग अश्विनीला फोन लावला.

"नाव काढायचं माझं. आन अर्ज करायचा. पर पयलं म्या पालीला जाऊन येते."

*

सावळाराम अंगणात दोरखंड वळत बसला होता. रत्ना एकटी, सण नसताना आलेली बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. "धनाजीशी भांडलीस व्हय? बरं केलंस. ऱ्हा चार दिस."

तिनं सगळं सांगितलं. मत, निवडणूक, अर्ज. तो ऐकत होता, हात चालूच होते.

"आबा, अर्जावर जल्म कुठला ते लिवायचं असतंय. आन बापाचं नाव. खरं तेच लिवावं लागतंय."

"मंग लिव की."

"नेपाळ लिवावं लागंल. आन... मानबहादूर."

हात थांबले. "आन पाली?"

"पाली न्हाई लिवता येत, आबा."

त्यानं अर्धा वळलेला दोरखंड खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे इतकी वरसं म्या मुराळी म्हणून कुनाला न्यायला येत व्हतो?"

रत्ना रडली. समजावायला लागली, की हे नुसतं कागदापुरतं आहे. पण आपण किती उलटं बोलतोय हे तिचं तिलाच कळत होतं. ज्या माणसानं कागदावर तिच्यासाठी एवढं एकच खोटं लिहिलं, त्याला ती सांगत होती की कागदाला काय धरून बसता! सावळाराम उठला आणि गोठ्यात गेला. गोठ्यात त्या वेळी काहीएक काम नव्हतं.

साळूबाईनं ओटी भरली, हातसडीचे तांदूळ बांधून दिले, आणि हळूच म्हणाली, "म्हातारं चिडलं न्हाई गं. त्याला लागलंय." दर वेळी लेकीला एस.टी.त बसवायला फाट्यापर्यंत येणारा सावळाराम त्या दिवशी आला नाही. रत्ना गाडी येईपर्यंत मागे वळून बघत उभी राहिली.

*

वेल्ह्याच्या तहसील कचेरीत निवडणुकीच्या टेबलावर नबीला नावाची मुलगी बसायची. भोरची. रोज पहाटेची गाडी धरून यायची आणि डबा नेहमी दोन माणसांना पुरेल एवढा आणायची. रत्नानं अश्विनीला बाहेर उभं केलं आणि एकटीच आत गेली.

"यादीतनं नाव काढायचंय."

"कुणाचं? मयताचा दाखला आणलाय का, मावशी?"

"माझंच काढायचंय."

नबीलानं मान वर केली. "नाव काढायला लोक येतात ते मयताचं. तुम्ही तर चालत आलात."

"व्हय, चालतच आले. गाडी चुकली."

नबीला हसली, पण रत्ना बोलत गेली तशी ती गंभीर झाली. हातातलं काम बाजूला सारून तिनं सगळं ऐकून घेतलं. रत्नानं पिशवीतून आपली सगळी ओळखपत्रं काढून टेबलावर मांडली, जणू कुणी चोरीचा माल म्हणून विचारेल आणि आपण आधीच दाखवून टाकावा.

"हे आधार ठेवा परत," नबीला म्हणाली. "आधार राहणाऱ्याला मिळतं, नागरिकालाच असं नाही. ते तुमचंच आहे. घर तुमचं, काम तुमचं, दवाखाना तुमचा. पोलिसात तक्रार द्यायची तर तुम्हीही देऊ शकता, कोर्टात जायचं तर तुम्हीही जाऊ शकता. मत तेवढं नागरिकाचं."

"मला काढून देतील का?"

"कुठून?"

"हितनं."

नबीला उठून टेबलाला वळसा घालून आली आणि तिच्या शेजारी बाकावर बसली. "नाही, मावशी. त्यासाठी नाही कुणी काढून देणार." मग जरा थांबून तिनं खरं तेही सांगितलं. "मत दिलंत त्याचं काय, आणि पालीच्या बाबांनी लिहून दिलं त्याचं काय, ते मी नाही सांगू शकत. साहेब ठरवतील. मी एवढंच सांगेन, जसं घडलं तसं लिहा. लपवू नका, आणि रडून वाढवूही नका."

रत्नानं तसंच लिहून दिलं. बाहेर आल्यावर अश्विनीनं विचारलं, "कसं वाटतंय?" रत्ना म्हणाली, "दात काढल्यावर वाटतं तसं. सारकी जीभ तिथंच जाती."

त्यानंतर नागपंचमी आली. वाडीतल्या सुना एकेक करून माहेरी गेल्या. रत्ना दारात धान्य निवडत बसली, सकाळी बसली, दुपारीही बसली. निवडून झालेलं धान्य तिनं पुन्हा सुपात ओतलं. मुराळी आला नाही. धोंडाबाईला आता नीट दिसत नव्हतं, पण सूप किती वेळ वाजतंय ते तिला ऐकू येत होतं. ती म्हणाली, "यील गं. बापाचा राग, किती दिस टिकतुय?" धोंडाबाईच्या तोंडून एवढं मऊ कधी निघालं नव्हतं. रत्नाला त्यानंच जास्त रडू आलं.

मतदानाच्या दिवशी वाडीतर्फे शिवानी उभी होती, नुकतीच लग्न होऊन आलेली चुणचुणीत सून. रत्नानं तिला झऱ्याच्या पाण्याचं सगळं समजावून ठेवलं होतं. धोंडाबाईला घेऊन रत्ना शाळेपर्यंत गेली. दारात तिला थांबवलं गेलं. आत यायचं तर यादीत नाव हवं. धोंडाबाईनं तिथंच ठाण मांडलं.

"माझी सून न्हाई तर माझं मत न्हाई."

"आत्याबाई, असं करू नगा," रत्ना म्हणाली. "अश्विनीला न्या संगं. तुमचं मत वाया घालवू नगा. माझं गेलंय तेवढं बास."

म्हातारी पुटपुटत नातीचा हात धरून आत गेली. रत्ना शाळेच्या आवारात चपला सांभाळत उभी राहिली. बाहेर येणाऱ्या बायका तिच्यासमोर आल्या की शाईचं बोट पदरात लपवायच्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना तसं करायला.

*

नागरिकत्वाचा अर्ज म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. तिच्या चुलतभावानं नेपाळहून मानबहादूरच्या नागरिकतेचा कागद शोधून धाडला. दिल्लीतल्या नेपाळी वकिलातीकडून पत्र आलं. त्यावर 'धनमाया' असं नाव होतं, आणि ते वाचून रत्ना क्षणभर गोंधळली. त्या नावानं तिला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं, एका माणसाशिवाय. आणि त्या माणसानं तर बोलणंच सोडलं होतं.

चौकशीसाठी वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. ओळखणारी दोन माणसं बरोबर आणा, म्हणून सांगितलं होतं. हनुमंत आणि शिवानी कबूल झाले. प्रत्यक्षात सावडीतल्या निम्म्या बायका आल्या. कामाचा दिवस बुडवून आल्या, आणि ठाण्याच्या पायरीवर एवढा गलका केला की हवालदार बाहेर येऊन म्हणाले, "मोर्चा आहे का?"

तेवढ्यात फाटकातून सावळाराम आत आला. धुतलेली टोपी, हातात काठी, श्वास लागलेला. तारीख त्यानं अश्विनीकडून फोनवर काढून घेतली होती आणि तिला कुणाला सांगू दिलं नव्हतं. रत्ना उठून उभी राहिली, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो सरळ हवालदारांसमोर गेला.

"पयलं म्या बोलतो. चूक माझी हाय. लिवून दिलं ते म्या."

हवालदार वयानं पोक्त होते. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाबा, मुलीचा जन्म पालीचा नाही हे तुम्हाला माहीत होतं ना? मग खोटं का लिहून दिलंत?"

"खोटं वाटलंच न्हाई, सायेब. कन्यादान म्या केलं. दान कशाचं देतंय माणूस? आपलं असंल त्याचंच ना? लोकाची पोर दान द्यायला म्या कोन?" तो दम घ्यायला थांबला. "आता पोरीनं समजावलं. जल्म येगळा, माहेर येगळं. कायद्याला जल्म पायजे. तर लिवा. ही नेपाळची हाय. मानबहादूरची लेक. लई सरळ माणूस व्हता. तो हिला पाठीशी बांधून आला तवा ही एवढुशी व्हती. तवापासनं म्या बघतोय. हिनं कुनाची काडी उचलली न्हाई. हिच्यासारखं माणूस देशाला मिळत असंल तर घ्या, सायेब, म्या सांगतो, घ्या."

रत्नानं तोंडाला पदर लावला. त्यानं आजवर कधी, चुकूनसुद्धा, तिला दुसऱ्या कुणाची लेक म्हटलं नव्हतं. आज तिच्यासाठी तो ते चार माणसांत म्हणत होता.

हवालदारांनी सगळं लिहून घेतलं. म्हणाले, "अजाणतेपणी झालं असं मी नमूद करतो. पुढचं साहेबांच्या हातात." मग पेन थांबलं. "अर्जदाराशी तुमचं नातं काय लिहू?"

बाप लिहिता येत नव्हतं. बापाच्या जागी मानबहादूर होता, आणि ते आत्ताच यानंच सांगितलं होतं.

"परिचित, असं लिहितात अशा वेळी," हवालदार जरा ओशाळून म्हणाले.

"म्हंजे?"

"ओळखीचा."

सावळारामानं त्या कागदाकडे पाहिलं. मग पहिल्यांदा मान वळवून रत्नाकडे पाहिलं. "तेवढं लिवलं तर हिचं काम व्हतंय?"

"अडणार नाही."

"मंग लिवा. ओळखीचा तर ओळखीचा." आणि जितकी नीट येत होती तितकी नीट सही त्यानं केली.

अर्ज वर गेला. तो अजून वरच आहे. रत्ना मधूनमधून चौकशी करते, आणि नबीला दर वेळी खरं तेच सांगते, की अजून काही आलेलं नाही.

पण त्या दिवशी ठाण्यातून निघाल्यावर सगळी मंडळी बाजारात पांगली आणि दोघंच एस.टी.त चढली. सावळाराम खिडकीशी बसला. रत्ना त्याच्या शेजारी, मध्ये थोडी जागा सोडून. गाडी बाजार ओलांडून खाली लागली तेव्हा कंडक्टर आला. म्हाताऱ्याला वयामुळे तिकीट माफ होतं, बायकांना अर्धं. रत्नानं पैसे काढले आणि म्हणाली, "एक अर्धं, आंबेमाळ फाटा."

सावळारामानं तिचा पैशाचा हात खाली केला.

"फाटा न्हाई," तो कंडक्टरला म्हणाला. "पालीचं द्या. लेकीला घरी नेतोय."